लेटरप्रेसमध्ये डिझायनरला नेमकं काय सापडतं?

ऐरोलीच्या एका तरुण डिझायनरने विचारलं आहे: "दिवसभर स्क्रीनवर पॅकेजिंग आणि ॲपचं काम करतो. मावसबहिणीच्या लग्नाची मराठी पत्रिका माझ्याकडे आली आहे. लेटरप्रेसचे, म्हणजे उठावाच्या अक्षरांना शाई लावून कागदावर दाबायच्या जुन्या छपाईचे, नमुने पाहिल्यापासून दुसरं काही मनात भरत नाही, पण दर नेहमीच्या ऑफसेट छपाईच्या कितीतरी पट सांगतात. हे नुसतं जुन्याचं वेड आहे, की डिझायनरला यातून खरंच काही मिळतं? आणि ठाण्यात स्टेशनजवळचा एक जुना छापखाना बंद होतोय, त्यांची ट्रेडल, म्हणजे लेटरप्रेसचं छोटं यंत्र, विकाऊ आहे. घेऊन टाकू का?"

मी उपयोजित कला शिकले आणि पुढे छपाईतच रमले. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात एक ऑफसेट, हाताने कागद लावायची एक ट्रेडल आणि एक हायडलबर्ग विंडमिल, म्हणजे कागद आपोआप लावणारं लेटरप्रेसचं यंत्र, चालते. महिन्याचा खर्च ऑफसेटवर निघतो, त्यामुळे लेटरप्रेस कुणाच्या गळ्यात मारायची मला गरज नाही. पण ज्या डिझायनरांनी ते एकदा नीट समजून घेतलं, त्यांचं स्क्रीनवरचं कामही सुधारलेलं मी पाहिलं आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

पत्रिका कशी छापायची आणि यंत्र घ्यायचं की नाही, या दोन्हींची उत्तरं पुढे देते. पण तुमचा खरा प्रश्न वेगळा दिसतो. शंभर फाँट, हजार रंग आणि कितीही वेळा मागे जायची सोय हाताशी असताना, यातलं काहीच न देणाऱ्या पद्धतीकडे मन का ओढलं जातं? ही ओढ खरी आहे. तिचं कारण मात्र बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं. शाईचा वास, यंत्राचा ठेका, जुना काळ वगैरे. हे सगळं छान असतंच, पण दोन-चार भेटींत त्याची सवय होते. त्यानंतरही जे डिझायनर पुन्हा पुन्हा येत राहतात, ते दोन गोष्टींसाठी येतात: शाई कागदात कशी बसते, आणि मोकळी जागा हाताने कशी भरावी लागते.

आधी शाईचं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि एकच शब्द तीन पद्धतींनी छापलेला शेजारी शेजारी ठेवून बघा. ऑफसेटमध्ये प्लेटवरची प्रतिमा आधी रबरी ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर येते. शाईचा थर अगदी पातळ आणि सपाट असतो. टोनरवर चालणाऱ्या डिजिटल छपाईत अक्षराच्या कडेबाहेर टोनरचे बारीक कण विखुरलेले दिसतात. लेटरप्रेसमध्ये उठावाचा भाग शाई घेऊन थेट कागदावर दाबला जातो. दाबामुळे शाई थोडी बाहेरच्या बाजूला सरकते, त्यामुळे अक्षराच्या कडेने गडद रेघ उठते आणि आतला रंग किंचित हलका राहतो. भिंगाशिवाय ही रेघ सुटी दिसत नाही. पण अक्षर कागदावर ठेवल्यासारखं न वाटता कागदात बसल्यासारखं वाटतं, ते तिच्यामुळे आणि त्या दाबाने पडलेल्या खोलगटपणामुळे.

ऑफसेटवर छापून मग डाय मारून अक्षर दाबता येत नाही का, असं अनेक जण विचारतात. येतं, आणि मोठ्या मोनोग्रामला ते चालूनही जातं. पण त्या दोन वेगळ्या फेऱ्या असतात. कागद अर्धा मिलिमीटर सरकला की शाई एकीकडे आणि खड्डा दुसरीकडे. बारीक मराठी मजकुरात हा घोळ लगेच कळतो. लेटरप्रेसमध्ये शाई आणि दाब एकाच क्षणी एकाच पृष्ठभागावरून येतात, म्हणून तिथे सरकायला वावच नसतो.

आता मोकळ्या जागेचं. मला विचाराल तर हाच सगळ्यात मोलाचा भाग आहे. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायला बसलं की डाव्या हातात ओळ भरायची स्टिक, उजव्या हाताने केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या घरं पाडलेल्या खणातून, एकेक खिळा उचलायचा, खाच एकाच बाजूला ठेवायची आणि उलटं वाचत ओळ भरत जायची. दोन शब्दांमधली जागाही धातूचीच. स्पेस आणि क्वाड हे खिळ्यांपेक्षा ठेंगणे असतात, म्हणून त्यांना शाई लागत नाही आणि ते छापत नाहीत. खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे साधारण २३.३ मिलिमीटर. ओळींमध्ये लेडच्या पट्ट्या, समासाच्या जागी फर्निचर म्हणजे लाकडाचे किंवा धातूचे ठोकळे. शेवटी सगळं चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, घालून क्वाइनने, म्हणजे किल्लीने घट्ट करायच्या पाचरीने, आवळायचं. मग आवळलेला हा फर्मा एका कडेने जरासा उचलून हलक्या बोटांनी दाबून बघायचं. एक खिळा जरी हलला तरी कुठेतरी ओळ सैल भरली आहे, ती शोधून काढायची.

याचा अर्थ पानावर फुकटची अशी कुठलीच जागा नसते. शीर्षकाखाली इंचभर कोरं सोडायचं असेल तर इंचभर ठोकळे शोधून लावावे लागतात. स्क्रीनवर आपण मजकुराची चौकट थोडी खाली ओढतो आणि किती ओढली ते विसरून जातो. इथे विसरता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थिनी आमच्याकडे 'शुभविवाह' हा शब्द २४ पॉइंटात आणि खाली तारीख १२ पॉइंटात जुळवत होती. तिला मधे हवा पुरेना. तिने २ पॉइंटची एक लेड घातली, प्रूफ काढलं. मग आणखी एक, पुन्हा प्रूफ. चार पट्ट्या झाल्या तरी समाधान होईना. मग तिने सगळ्या पट्ट्या काढल्या आणि तारीख १० पॉइंटात जुळवली, आणि पान एकदम मोकळं झालं. जागा कमी नव्हतीच, दोन आकारांमधला फरक कमी होता. स्क्रीनवर हे कळायला तिला कदाचित वर्षं लागली असती, कारण तिथे अंतर वाढवणं इतकं सोपं आहे की दुसरा उपाय सुचायची वेळच येत नाही. पॉइंट म्हणजे इंचाचा साधारण बहात्तरावा भाग, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. २ पॉइंटची पट्टी चिमटीत धरली की तो आकडा बोटांना कळतो.

मराठीत हे सगळं आणखी अवघड आणि आणखी सुंदर होतं. रोमन लिपीला मोजक्या घरांची केस पुरते. देवनागरीला पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा-वेलांट्या मिळून शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. प्रत्येक खिळा आपल्या डोक्यावर शिरोरेषेचा आपापला तुकडा घेऊन येतो. खिळे नवे असतील आणि ओळ नीट आवळली असेल तरच ती रेषा अखंड दिसते. झिजले की प्रत्येक अक्षरामागे बारीकशी फट पडते. रफार आणि काही वेलांट्या खिळ्याच्या अंगाबाहेर झुकलेल्या असतात, त्या छापताना मोडतात. जुन्या पुस्तकात एखादा रफार गायब दिसला तर लेखकाला किंवा मुद्रितशोधकाला बोल लावण्याआधी हे लक्षात घ्या.

ठाण्यात राहून हे बघायला लांब जायची गरज नाही. १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आपल्या शहरात आहे. तिथे खिळ्यांवर छापलेलं एखादं जुनं पुस्तक घ्या आणि खिडकीजवळ पान तिरकं धरा. मागच्या बाजूने ओळी किंचित उठलेल्या दिसतील. एखाद्या परिच्छेदावर भिंग फिरवा. शिरोरेषेतल्या फटी, एका 'म'चा तुटका पाय, तोच 'म' चार पानांनी पुन्हा आलेला, असं सगळं सापडेल. अक्षर ही एक वस्तू होती आणि ती पुन्हा पुन्हा वापरली गेली, हे तिथे डोळ्यांनी कळतं.

आणि आज आपल्याला 'साधी' वाटणारी देवनागरी या वस्तूंमधूनच घडली आहे. १८०५ मध्ये मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापलं गेलं ते बंगालमध्ये, श्रीरामपूरला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी आधी शिळाप्रेसवर आणि पुढे खिळ्यांवर मराठी छपाई रुजवली. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्या टाइपांचे पंच राणोजी रावजी आरू यांनी कापले. पोलादाच्या तुकड्यावर उलटं अक्षर कोरून काढणारा हा माणूस आजच्या अर्थाने आपला टाइप डिझायनरच होता, आणि डिझाइन शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात त्यांचं नाव घेतलं जायला हवं. ठाण्यातही याच काळात, १८६६ मध्ये, अरुणोदय हे वृत्तपत्र निघू लागलं होतं. पुढे लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी खटपट केली, आणि सावरकरांनी 'इ'च्या जागी 'अि', 'उ'च्या जागी 'अु' सुचवण्यामागेही छपाईची सोय हे एक कारण होतं. म्हणजे लिपी कशी असावी यावरची चर्चा केसमधली घरं मोजत चालली होती. सुलेखनकार र. कृ. जोशींनी विंडोजसाठी मंगल फाँट केला तेव्हा घरांची अडचण उरली नव्हती, पण डोळ्याला लागलेलं वळण या आधीच्या अक्षरांचंच होतं. तुम्ही रोज जो फाँट निवडता त्याच्या जाडीमागे, मात्रांच्या उंचीमागे हा इतिहास आहे. तो हाताने अनुभवला की फाँट निवडतानाची नजर बदलते.

आता ठशाच्या खोलीचं. यावर जुन्या आणि नव्या लोकांची मतं अगदी विरुद्ध आहेत. आमच्या ट्रेडलवरचे काका खिळ्यांच्या काळातले. त्यांच्या लेखी उत्तम छपाई म्हणजे शाई पूर्ण उतरली पाहिजे आणि पाठीमागे बोट फिरवलं तर काही लागता कामा नये. खोल ठसा हा त्यांच्यासाठी दोषच, आणि त्यामागे ठोस कारणं होती. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा खिळा जोरात दाबला की लवकर झिजतो, आणि पुस्तकात तर पानाच्या दोन्ही बाजूंना छापायचं असतं. आजच्या गिऱ्हाइकाला उलट खोल ठसाच हवा असतो, कारण त्याच्यासाठी तीच लेटरप्रेसची खूण आहे.

मी मधला मार्ग धरते, पण एका बाबतीत हटून बसते. शिशाच्या खिळ्यांनी खोल ठसा मारायचा नाही. मराठी खिळे ओतून देणारे कारखाने आता जवळपास उरलेच नाहीत, त्यामुळे झिजवलेला खिळा परत येत नाही. खोली हवी असेल तर पॉलिमर प्लेट किंवा धातूचा ब्लॉक करा. पॉलिमरसाठी तुमच्या फाइलवरून निगेटिव्ह निघते, प्लेटवर अतिनील प्रकाश दिला की जिथे प्रकाश पडला तो भाग घट्ट होतो, उरलेला पाण्याने धुऊन निघतो. वाळवून पुन्हा प्रकाश दिला की प्लेट तयार. ती धातूच्या बेसवर चिकटवली की एकूण उंची खिळ्याइतकीच होते. झिजली किंवा फुटली तर दुसरी करता येते. हे 'खरं' लेटरप्रेस नाही असं मानणारे आहेत. मला तसं वाटत नाही. शाई, दाब, कागद, यंत्र सगळं तेच आहे. फक्त जुळवणीतून मिळणारं शिक्षण यात मिळत नाही, म्हणून पत्रिका प्लेटवर करा आणि शिकण्यासाठी खिळे वेगळे हाताळा, असं मी सांगते.

ठसा किती खोल आहे यापेक्षा तो किती सारखा आहे हे बघा. चांगलं काम तिथे कळतं. पत्रिकेत वर एकटंच '॥ श्री ॥' असतं आणि खाली दाट मजकूर. पॅकिंग, म्हणजे छापताना कागदाच्या मागे असलेले थर, सगळीकडे सारखंच ठेवलं तर एकटं असलेलं अक्षर जास्त खोल रुततं आणि दाट भाग फिका येतो, कारण तोच दाब तिथे जास्त पृष्ठभागावर वाटला जातो. मग काका पॅकिंगमध्ये '॥ श्री ॥'च्या जागी कागदाचा एक थर कापून काढतात आणि फिक्या ओळींच्या मागे पातळ टिश्यूचे तुकडे चिकटवतात. पुन्हा प्रूफ, पुन्हा एखादा तुकडा. कधी कधी एका अनुस्वारासाठी. या तयारीला मेकरेडी म्हणतात आणि तुम्हाला सांगितलेल्या दराचा मोठा हिस्सा इथे जातो. म्हणूनच १०० आणि ३०० पत्रिकांच्या छपाईच्या मजुरीत फारसा फरक पडत नाही, फरक पडतो कागदात. दर 'कितीतरी पट' वाटतो तो बहुतेक कमी संख्येमुळे. संख्या हजारांत असेल तर मात्र ऑफसेटशी तुलना करण्यातच अर्थ नाही.

तुमच्या कामाला हे जमेल की नाही, हे पुष्कळ गोष्टींवर ठरतं. डिझाइनमध्ये फोटो, रंगांच्या छटा, मोठे भरीव पट्टे असतील तर सोडून द्या. मोठ्या भरीव भागाला भरपूर शाई आणि दाब लागतो, बारीक अक्षराला दोन्ही कमी. एकाच फर्म्यात दोन्ही घातले की एक फिकं पडतं किंवा दुसरं भरतं. वेगळे करायचे तर दोन फेऱ्या. प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट, रोलर धुणं आणि नव्याने जुळवणी, म्हणून दोन रंगांपुढे जाऊ नका, आणि ते दोन रंग एकमेकांना चिकटून ठेवू नका. गडद कागदावर फिकी शाई हवी असेल तर ती फिकी दिसणारच, कारण या शाया बऱ्याच पारदर्शक असतात. तिथे फॉइल, म्हणजे उष्णतेने चिकटवलेला रंगीत किंवा धातूसारखा पातळ थर, बरं.

कागद मऊ, बिनचकाकीचा, शक्यतो सुती लगद्याचा घ्या. ३०० जीएसएमला (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ठसा छान येतो, त्याहून जाड घेतला तर आणखी छान, पण लिफाफ्याचं वजन आणि कुरिअरचा खर्च आधी बघा. हातकागद सुंदर असतो, पण ताव आणि ताव यांच्या जाडीत फरक निघतो. बारीक मजकूर असेल तर मी तो टाळते, मोठी अक्षरं आणि भरपूर मोकळी जागा असेल तर आवर्जून सुचवते. आपल्याकडच्या पावसाळ्याचाही विचार करा. हवेतल्या ओलीने कागद फुगतो, दुसऱ्या रंगाच्या फेरीपर्यंत माप बदललेलं असतं, आणि तेलाची शाई वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेते. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही पत्रिका एकमेकींवर रचताना मधे कोरा कागद घालतो आणि पोचवायची तारीख लांबची देतो.

तुमच्या पत्रिकेकडे येते. मराठी पत्रिकेची अडचण म्हणजे मजकूर. कुलदैवत, 'आमचे येथे श्रीकृपेकरून', दोन्हीकडची नावं, काका-काकू, मामा-मामी, किलबिल, कार्यक्रमाच्या वेळा, हॉलचा पत्ता. हे सगळं एका पानावर लेटरप्रेसमध्ये कोंबलं तर दोन्हीची वाट लागते. मी नेहमी सुचवते की मुख्य कार्डावर फक्त देवाचं नाव, वधूवर, आई-वडील, दिवस, वेळ आणि ठिकाण ठेवा. ते लेटरप्रेसवर, एका रंगात. बाकीचं आतल्या पातळ कागदावर ऑफसेटने छापा. घरच्या मोठ्यांना नावं वगळल्याचं वाईट वाटणार नाही आणि कार्डालाही श्वास घेता येईल. कुणाचं नाव कुठे यावर घरात एकमत झाल्याशिवाय प्लेट करायला देऊ नका. प्लेट झाल्यावर एक वेलांटी बदलायची तरी नवी प्लेट आणि पुन्हा मेकरेडी.

फाँट निवडताना ज्याच्या बारीक रेषा केसासारख्या आहेत तो टाळा, त्या प्लेट धुताना जातात. दुसरीकडे जोडाक्षरांकडेही बघा. 'द्ध', 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' यांच्या पोटातली जागा लहान असते आणि मऊ कागदावर शाई पसरली की ती भरते. सुती कागदावर मराठी मजकूर ११ पॉइंटाच्या खाली नेऊ नये असं माझं मत आहे. देवनागरीचा १२ पॉइंट रोमनच्या १२ पॉइंटापेक्षा लहानच दिसतो, कारण तेवढ्याच उंचीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार बसवायचे असतात. इंग्रजी आणि मराठी दोन्ही असेल तर आकडे सारखे ठेवू नका, डोळ्याला सारखं दिसेल असं ठेवा.

फाइल देताना सगळा मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात. कर्व्ह केल्यावर कोरलड्रॉमध्ये वेल्ड करून आकार एकजीव करा. शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. चुकून कंबाइन केलंत तर नेमक्या त्या जोडावर पांढरी खिडकी उघडते आणि ती प्लेटवर तशीच्या तशी उतरते. काळा म्हणजे १०० टक्के काळा द्या, ९० नको, कारण टक्केवारी म्हणजे ठिपक्यांची जाळी आणि बारीक अक्षराला जाळी सहन होत नाही. आणि निवडलेल्या कागदावरचं यंत्रावर काढलेलं प्रूफ बघितल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका. त्यासाठी गाळ्यावर स्वतः जा. पीडीएफवरून ठसा कळत नाही.

थोडक्यात, पत्रिकेपुरतं: संख्या शे-दोनशे, मजकूर मोजका, एक किंवा दोन रंग आणि हातात महिनाभर असेल तर लेटरप्रेसला दिलेले पैसे वसूल होतात. यातल्या दोन गोष्टी जरी नसतील तरी चांगल्या कागदावर चांगलं ऑफसेट करा. त्यात कमीपणा काही नाही.

राहिली ट्रेडल. ऐरोलीत वरच्या मजल्यावरच्या घरासाठी विचारत असाल तर सरळ नको. हे ओतीव लोखंडाचं यंत्र आहे, त्याला तळमजला आणि पक्की जमीन लागते. शिवाय हाताने कागद लावायच्या ट्रेडलवर मिटणाऱ्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये प्रत्येक वेळी हात जातो आणि बाहेर येतो. सरावलेला माणूस तासाला हजाराच्या आसपास कागद लावतो, तो बोलत नाही आणि इकडेतिकडे बघत नाही. हे एकट्याने व्हिडिओ बघून शिकायचं काम नाही. खिळ्यांबाबतही एक सांगायलाच हवं: हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, तिथे खायचं-प्यायचं नाही आणि पांढरी पूड धरलेले जुने खिळे तर झाडायचेसुद्धा नाहीत, कारण ती शिशाची पूड असते.

त्याऐवजी चालू असलेली ट्रेडल शोधा. ठाण्यात, तुर्भ्यात, रबाळ्यात अजून आहेत. त्या आता बहुतेक नंबरिंग, परफोरेशन आणि डाय-कटिंग करतात, म्हणून पाटीवर लेटरप्रेस असं लिहिलेलं नसतं. बिलबुकं करणाऱ्या छापखान्यांत विचारा. दुपारच्या रिकाम्या वेळात यंत्र आणि मशीनमन दोघांचे पैसे देऊन काम करू द्याल का, असं म्हणा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. या लोकांना वर्षानुवर्षं त्यांच्या कामाबद्दल कुणी काही विचारलेलं नसतं. यंत्राच्या शाई पसरवणाऱ्या गोल डिस्कवर शाई किती, हे ते रोलरच्या आवाजावरून सांगतात. शाई बरोबर असेल तर रेशमी साडीच्या घडीसारखी हलकी सळसळ येते, जास्त झाली की चटचट. ते कान त्यांच्यासोबत जाण्याआधी त्यांच्या शेजारी उभं राहायला मिळणं, हे ट्रेडल विकत घेण्यापेक्षा तुमच्या जास्त कामाचं आहे.

सहा महिने असं करूनही ओढ टिकली, आणि चार-पाच डिझायनर मिळून भाड्याचा गाळा घेऊ शकत असलात, तर जरूर घ्या. तेव्हा यंत्र बंद असताना बघू नका, चालवून दाखवायला सांगा. फ्लायव्हील आणि बाजूच्या चौकटीवर तडा किंवा वेल्डिंगची खूण शोधा, ओतीव लोखंडाचा जोड भरवशाचा नसतो. चारही कोपऱ्यांवर एकाच उंचीचे मोठे खिळे लावून प्रूफ काढा, चारही सारखे आले तर पाटी समांतर आहे. रोलर कडक झालेले असणारच, ते नवे करून घेता येतात, त्यावरून किंमत पाडा पण सौदा मोडू नका.

तोपर्यंत त्या स्टेशनजवळच्या मालकांना एवढं मात्र आजच सांगा: ट्रेडल कुणालाही विका, पण चेस, क्वाइन, त्यांची किल्ली, फर्निचर आणि खिळ्यांच्या केस यंत्रासोबतच द्या. भंगारवाला शिसं वेगळं आणि लोखंड वेगळं तोलतो. चेस गेलेल्या ट्रेडलवर पुढच्या माणसाला साधं व्हिजिटिंग कार्डसुद्धा छापता येत नाही.